दोन नंबरचा रिमोट

जुन्या व्हिडिओ गेमची आठवण निघाली की लोक चित्रांबद्दल बोलतात, नाहीतर त्या टिंगटिंग संगीताबद्दल. मी गप्प ऐकून घेते आणि शेवटी एकच विचारते, "ते सगळं ठीक आहे, पण तुमच्या हातात रिमोट कुठला असायचा?" बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. ज्यांना कळतो, त्यांच्याशी माझं पटतं.

कंट्रोलर हा शब्द मला फार उशिरा कळला. आमच्याकडे त्याला रिमोटच म्हणत. तळहाताएवढी राखाडी चपटी डबी, डावीकडे चार दिशांचं फुलीसारखं बटण, उजवीकडे दोन लाल बटणं. वायर असताना तो रिमोट कसा, हा प्रश्न आमच्या इंदिरानगरच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणालाही पडला नाही. टीव्हीचा रिमोट तेव्हा नवा होता, ऐटीचा होता, त्यामुळे हातात धरून टीव्हीवर काहीही हलवता आलं की तो रिमोट.

गेम आणला बाबांनी, मी पाचवीत होते तेव्हा. बाबा सातपूरला एका इंजिनिअरिंग कारखान्यात मशीनवर होते, आणि त्या दिवाळीला बोनस झाल्यावर त्यांनी आईला न विचारता केलेली ही एकमेव खरेदी. खोक्यातून एक डबा निघाला, त्यात घालायची पिवळी कॅसेट निघाली, आणि डब्याला कायमचे जोडलेले दोन रिमोट. डाव्या बाजूचा एक नंबर, उजव्या बाजूचा दोन नंबर. दिसायला दोघं जुळे भाऊ, फरक इतकाच की एक नंबरच्या मधोमध 'स्टार्ट' नावाचं काळं बटण होतं आणि दोन नंबरला ते नव्हतं. गेम सुरू करायचा तर एक नंबरने, मध्येच थांबवायचा तर एक नंबरने. दोन नंबरने फक्त खेळायचं.

हे काळं बटण पुढे माझ्या आयुष्यात किती दुःख देणार आहे, हे त्या दिवशी लाडू खाताना मला कळायला हवं होतं. पण मी लाडू खात होते.

दोन्ही रिमोट कोरे होते तेव्हाच आईने एक काम केलं. पातळ प्लास्टिकच्या ज्या पिशवीत ते आले होते, ती पिशवी तिने टाकू दिली नाही. दोन नंबरची पिशवी माझ्या भावाने, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या महाराजांनी, फुगवून फोडली होती. एक नंबरची शाबूत होती. आईने रिमोट परत तिच्यात घातला, वायरच्या बाजूने रबर लावलं आणि म्हणाली, "असंच खेळायचं. कव्हरवरनं दाबलं तरी दाबलं जातं."

आईचं हे असंच होतं. सोनेरी काठाच्या कपबशा पाहुण्यांसाठी, घरच्यांना कान तुटलेले कप. नवी चादर पाहुण्यांसाठी, आम्हाला विरलेली. सोफ्याला कव्हर, त्या कव्हरवर आणखी एक चादर, आणि ती चादर काढली की ओळखायचं, कोणीतरी येतंय. "पाहुण्याला चांगलं ते द्यावं, घरचे काय, घरचेच असतात," हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. तेव्हा गेम घरात आल्यावर हा नियम रिमोटला लागू होणार, हे ठरलेलंच होतं. पाहुणा आला की एक नंबरचं रबर निघायचं, कव्हर निघायचं आणि रिमोट पाहुण्याच्या हातात जायचा. पाहुणा गेला की आई तो ओल्या फडक्याने पुसून परत पिशवीत घालायची.

दुसऱ्या गावात हे चाललं असतं हो. पण नाशिकला घर असणं म्हणजे धर्मशाळा चालवणं. कोणाला त्र्यंबकला जायचं असतं, कोणाला वणीच्या देवीला, कोणाला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, अस्थी सोडायच्या असतात, कोणी शिर्डीहून परत जाताना "म्हटलं, जाता जाता डोकावू" म्हणून डोकावतो तो तीन दिवस राहतो. मोठी माणसं पूजेला बसायची आणि त्यांची पोरं आमच्या टीव्हीसमोर. मुंडण केलेले, प्रसादाचे पेढे खाल्लेले, चिकट हातांचे नातेवाईक एक नंबरचा रिमोट उघडा करकरीत धरून बसायचे, आणि मी दोन नंबर घेऊन.

पाहुणा नसेल तेव्हा? तेव्हा एक नंबर भावाला. "लहान आहे तो." मी कुरकुर केली की आई म्हणायची, "तू समजूतदार ना?" हा प्रश्न नव्हता. माझ्यावर 'समजूतदार' हा शिक्का कधी आणि कोणी मारला ते मला ठाऊक नाही, पण लहानपणी मला तो शब्द शिवीसारखा वाटायचा. पाहुणा पहिला, धाकटा दुसरा, आणि समजूतदार माणसाला दोन नंबर, असा क्रम होता.

मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, कोणाशी तरी खेळताना कव्हर काढलेला एक नंबर माझ्या हातात. एकटी असले की मी त्यावर खेळायचे, नाही असं नाही. एकट्याचा गेम एक नंबरशिवाय चालायचाच नाही. पण तो पिशवीतून. घामेजलेला अंगठा प्लास्टिकवरून घसरायचा, चुरचुर आवाज व्हायचा, आणि तरीसुद्धा आतून कळायचं की ते बटण काय चीज आहे. दाबलं की ते खाली जायचं आणि लगेच वर येऊन अंगठ्याला सांगायचं, ऐकलं बरं का. त्या होकारासाठी मी वेडी झाले होते. वाढदिवसाला आईला विचारलं, आज कव्हर काढू? ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "घरच्यांसाठी कसलं कव्हर काढायचं?"

आता दोन नंबरबद्दल. कोरा असताना तोही चांगलाच होता. पण त्याला कव्हर नव्हतं, आणि ज्याला कव्हर नाही त्याचं कोणी काही ठेवत नाही. पाहुण्यांची रडकी पोरं गप्प बसावीत म्हणून त्यांना दोन नंबर धरायला द्यायचे. एका मावसबहिणीला दात येत होते, तिने त्याचा एक कोपरा चावून मऊ केला. भावाने वायर धरून तो गोफणीसारखा फिरवला. आणि उडीच्या लाल बटणाखाली चिवडा गेला. आमच्या घरात चिवडा कधी संपत नसे, डब्यात हात आणि हातात रिमोट असंच चालायचं. पोह्याचा एक तुकडा आत जाऊन बसला तो बसलाच. तेव्हापासून ते बटण नखाने, खालच्या कडेवर दाबलं तरच ऐकायचं, तेसुद्धा जरा विचार करून.

उजवीकडे जायचं बटण सहावीत निकामी झालं. हा मोठाच घोटाळा होता, कारण आमच्या उड्यांच्या गेममध्ये जायचं असायचं फक्त उजवीकडेच. छोटासा माणूस उजवीकडे पळतो, मध्ये खड्डे येतात, त्यावरून उडी मारायची. माझा माणूस सुरुवातीलाच उभा राहून पाय मोजत बसला. बाबांनी सुट्टीच्या दिवशी वर्तमानपत्र पसरून रिमोट उघडला. आत एक रबराची चटई होती, तिच्यावर काळे ठिपके होते आणि उजवीकडचा ठिपका झिजून गेला होता. बाबांनी चॉकलेटची चांदी कात्रीने कापली, तिचा बारीक गोल रबरावर चिकटवला, पेच आवळले आणि बटण दोनदा दाबून बघितलं. माणूस उजवीकडे गेला. "ओके," बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी घालून वाचायला लागले.

माणूस उजवीकडे गेला तो जातच राहिला. मी बोट काढलं तरी तो जात होता. चांदी जरा जास्तच चांगली चिकटली होती. पहिल्या खड्ड्यात पडला, नवीन माणूस आला, तोही थेट खड्ड्यात. मी ओरडले, "बाबा, हा थांबत नाहीये!"

"चालतोय ना?"

"चालतोय, पण थांबत नाही."

"मग चालतोय. चालत्या मशीनला हात लावायचा नसतो," बाबा म्हणाले. कारखान्यातली इतकी वर्षं त्या वाक्यात होती, त्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

मग मीच शिकले. काय करणार? वायर मानेजवळ तुटायला आली होती, म्हणून ती करंगळीला गुंडाळून रिमोट तिरका धरायचा. माणसाला थांबवायचं तर डावं बटण हलकेच टोचायचं, मागून सदरा ओढावा तसं. खड्डा दिसायच्या आधीच नखाने उडी सांगून ठेवायची, म्हणजे खड्डा येईपर्यंत ती पोचते. चांगल्या रिमोटवर माणूस गेम खेळतो, मी रिमोटच खेळत होते. गेम आपला बाजूला चालू असायचा. पण खरं सांगू? एकदा ते जमायला लागल्यावर मजा यायची. माझा माणूस खड्ड्याच्या अगदी काठावर डगमगत थांबला की भावाचा श्वास अडकायचा, आणि मी करंगळी सैल न करता ऐटीत म्हणायचे, "बघत काय बसलास? तुझी पाळी येईपर्यंत चिवडा खा."

खरी अडचण वेगळीच होती. दोन नंबरला स्टार्ट नाही, म्हणजे मला गेम थांबवता येत नसे. आणि घरात हाक मारायची तर आई मलाच मारायची. ताटं घे. पोळ्यांना तूप लाव. पाहुण्यांना पाणी दे. माझा माणूस ऐन उडीत असायचा आणि मी शेजारी एक नंबर धरून बसलेल्याला विनवायचे, "पॉज कर ना रे!" भाऊ तरी कधीमधी करायचा. पाहुणे मुळीच करायचे नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायचे तेव्हा माझा माणूस खड्ड्यात गेलेला असायचा आणि ते संगीत वाजत असायचं, कोणीतरी मेल्याचं.

या पाहुण्यांतला मुख्य पाहुणा म्हणजे माझा आतेभाऊ. पुण्याचा, माझ्याच वयाचा, एकुलता एक. दर मे महिन्यात तो यायचा आणि चपला काढायच्या आत रिमोट मागायचा. आई कौतुकाने कव्हर काढून द्यायची. तो जिंकायचा. जिंकल्यावर माझ्याकडे बघून सावकाश हसायचा. मी म्हणायचे, माझा रिमोट खराब आहे. मग तो, आत्या आणि कधीकधी आईसुद्धा, सगळे एकदम म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं!"

त्या म्हणीचा मला अजून राग येतो. ज्याने कोणी ती रचली त्याने एकदा जाऊन ते अंगण बघायला पाहिजे होतं. असतं हो एखाद्याचं अंगण खरंच वाकडं. माझ्या अंगणात तर चिवडा सांडलेला होता, चांदी चिकटलेली होती आणि कोपरा चावलेला होता.

सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याला आत्याकडे जायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतेभावाकडे अगदी असाच गेम होता, दोन रिमोटवाला. तिथे तो घरचा आणि मी पाहुणी! नाशिकच्या द्वारका चौकात एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा बाबा बॅगा मोजत होते, आई भावाला उलटीची गोळी देत होती, आणि मी मनातल्या मनात एक नंबर हातात घेऊन उभी होते. पूर्ण रस्ताभर मी कोणाशी भांडले नाही. आईने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आत्याच्या घरी पोचल्यावर मी आधी पाणी प्यायले, नमस्कार केले, सगळं रीतसर केलं. मग टीव्हीसमोर जाऊन बसले आणि हात पुढे केला. आतेभावाने एक नंबर स्वतः घेतला आणि दोन नंबर माझ्या मांडीवर टाकला.

"मी पाहुणी आहे," मी म्हटलं.

"मग? गेम माझा आहे," तो म्हणाला.

आत्याने स्वयंपाकघरातून ऐकलं. बिचारी म्हणाली, "अरे, दे की तिला चांगला. पाहुणी आहे ती आपली." क्षणभर मला वाटलं, झालं. आणि तेवढ्यात माझी स्वतःची आई, माझी जन्मदाती, चहाचा कप हातात धरून म्हणाली, "राहू दे हो वन्सं. तिला दोन नंबरचीच सवय आहे."

मला जे काही वाटलं ते वाटलं. सवय! म्हणजे उपाशी माणसाला उपासाची सवय असते तशी. मी दात आवळून दोन नंबर उचलला, मनात म्हटलं, याच्यावरच हरवते तुला.

गंमत म्हणजे तो रिमोट उत्तम होता. आतेभाऊ एकटाच खेळायचा, त्यामुळे दोन नंबरला कोणी हातच लावला नव्हता. बटणं कोरी, वायर ताठ, कोपरे टोकदार. वाईट होते ते माझे हात. मी सवयीने उजवं बटण दाबून लगेच सोडलं, तर माणूस एक पाऊल टाकून उभा राहिला. सवयीने डावीकडे टोचलं, तर तो चक्क पाठ फिरवून उलटा निघाला. खड्डा यायच्या आधी नखाने उडी सांगितली, तर त्याने ती तिथल्या तिथे, लगेच मारली आणि उतरला तो नेमका खड्ड्यात. जे बटण सांगितलेलं ताबडतोब ऐकतं त्याच्याशी कसं वागायचं हे मला माहीतच नव्हतं. आतेभाऊ हसून हसून गादीवर लोळला. "आता तर रिमोट नवा आहे! आता काय वाकडं आहे?"

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि आईने दिलेलं संत्रं खाल्लं नाही. घरी आल्यावर हातपाय न धुता गेम लावला. दोन नंबरची वायर करंगळीला गुंडाळली, तिरका धरला, आणि भावाला कव्हरातल्या एक नंबरसकट असं काही हरवलं की तो रडत आईकडे गेला. आई म्हणाली, "लहान आहे ना तो? जरा समजूतदारपणा दाखवावा." मी दाखवला नाही. पण त्या दिवसापासून एक कळलं, की मला नुसतं जिंकायचं नव्हतं. जिंकत तर मी होते. मला आईने कव्हर काढून द्यायला हवं होतं.

ते काही झालं नाही. मी दहावीत गेले, क्लास लागले, भावाला क्रिकेट लागलं. घरात केबल आली, मग कॉम्प्युटर आला, मग लोडशेडिंग आलं आणि सगळेच बाल्कनीत बसायला लागलो. आईने गेमचा डबा पुसला, एक नंबरचं कव्हर नीट बसवलं आणि सगळं माळ्यावर ठेवून दिलं. भाऊ इंजिनिअरिंगला गेला. माझं लग्न झालं आणि मी ठाण्याला गेले.

पहिल्या दिवाळीला, दिवाळसणाला, आम्ही दोघं नाशिकला आलो. आता आमच्या घरात जावई म्हणजे पाहुण्यांचा राजा. सोफ्यावरची दोन्ही कव्हरं निघाली होती. सोनेरी काठाच्या कपबशा तर निघाल्याच, पण मी जन्मात न पाहिलेला एक ट्रेसुद्धा निघाला. माझ्या नवऱ्याची करमणूक काय करावी या चिंतेत भावाने माळ्यावरून गेम काढला. कॅसेटमध्ये दोघांनी आळीपाळीने फुंकर मारली, टीव्हीवर मुंग्या आल्या, मग चित्र आलं. आईने स्वतः एक नंबरचं रबर काढलं, कव्हर काढलं आणि रिमोट जावईबापूंना दिला. जावईबापू अर्ध्या तासात अकरा खड्ड्यांत पडले आणि म्हणाले, "रिमोट जरा जुना झालाय नाही?" मी भावाकडे बघितलं, भावाने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं उगाच खोकलो.

मग बाबा त्यांना स्कूटरवर बसवून पंचवटी दाखवायला घेऊन गेले. आईने एक नंबर फडक्याने पुसला, पिशवीत घातला, रबर लावलं आणि आत गेली. मी टीव्हीसमोर सतरंजीवर बसले. हात आपोआप दोन नंबरकडे गेला. चावलेला कोपरा तळव्यात बसला, वायर करंगळीला गुंडाळली गेली. भाऊ कव्हरातला एक नंबर उचलणार, इतक्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. उभी राहून बघत राहिली.

"अरे, तिला तो दे," ती भावाला म्हणाली.

भावाने एक नंबर माझ्याकडे सरकवला. आईला ते पुरलं नाही. ती खाली बसली, रिमोट हातात घेतला, रबर काढून मनगटात घातलं, पिशवी सरसर ओढून काढली आणि उघडा रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या हातातला दोन नंबर तिने सोडवून भावाला दिला. "खेळ," म्हणाली. "चार दिवस तर आलीयेस." आणि माझ्या केसांवरून हात फिरवून आत गेली.

पाचवीपासून मागत होते ते मांडीवर होतं. राखाडी, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. आणि मला इतकं वाईट वाटलं की टीव्ही धूसर दिसायला लागला. सोनेरी काठाच्या कपात चहा मिळाला तेव्हा मला कळलं नव्हतं. सकाळी नवी चादर मिळाली तेव्हा कळलं नव्हतं, मला वाटलं होतं ती जावयासाठी आहे. आत्ता कळलं, की या घरात मी आता पाहुणी झाले.

भावाला काही कळलं नाही. तो दोन नंबर उलटसुलट करून बघत होता. उजवं बटण दाबलं, त्याचा माणूस निघाला तो थेट खड्ड्यात. दुसरा माणूस, दुसरा खड्डा. "ताई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "यावर तू कशी खेळायचीस गं?"

मी मान खाली घालून एक नंबरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

तेवढ्यात आतून हाक आली. "अरे, ताटं घे रे!" हाक माझ्यासाठी नव्हती. मी सवयीने उठायला लागले तर आई आतूनच म्हणाली, "तू बस गं. तो घेईल." तू बस गं. हे तीन शब्द ऐकायला मी लहानपणी काय दिलं असतं! भाऊ अडकला होता, त्याचा माणूस पळत सुटला होता, आणि काळं बटण माझ्याकडे होतं. "ताई, पॉज कर ना!"

मी पॉज केलं. तो आत गेला.

मी एक नंबर उचलला. बटणं एकदा, प्रत्येकी एकदा, दाबून बघितली. तोच होकार. मग आईने सोफ्यावर टाकलेली पिशवी घेतली, त्यात रिमोट घातला, केसांना लावलेलं माझं रबर काढून वायरच्या बाजूने नीट लावलं आणि तो भावाच्या जागेवर ठेवला. दोन नंबर माझ्याकडे घेतला आणि वायर करंगळीला गुंडाळली.

भाऊ ताटं मांडून परत आला, कव्हरातल्या रिमोटकडे बघत उभा राहिला. "अगं, आई ओरडेल मला."

"मला याचीच सवय आहे," मी म्हटलं. "तू स्टार्ट दाब."

त्याने दाबलं. त्याचा माणूस जिथे थांबला होता तिथून मी उचलला, डावीकडे हलकेच टोचलं, आणि तो खड्ड्याच्या काठावर डगमगत थांबला. भावाने श्वास रोखला. पुढच्या दोन खड्ड्यांवरून मी त्याला असा नेला की मलाच माझं कौतुक वाटलं.

आई मीठ वाढायला म्हणून बाहेर आली होती. तिने एक नंबर बघितला, त्याचं कव्हर बघितलं, माझ्या करंगळीची वायर बघितली. मग मिठाची वाटी ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "एवढीच घरची आहेस तर बसलीस काय? ऊठ, पुऱ्या लाटायच्यात."

माझा माणूस ऐन उडीत होता.

"पॉज कर ना रे," मी भावाला म्हटलं.